तीनतळीची तोटी

जळकोटच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला तीनतळी नावाचं गाव आहे. गावाला तीन तळी आहेत, तेव्हा नाव शोधायला कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. थोरलं तळं माथ्यावर, मधलं उतारावर आणि धाकटं पार खाली गावाच्या पायथ्याशी. थोरल्यातलं पाणी मधल्यात येतं, मधल्यातलं एका जाड लोखंडी नळातून धाडधाड खाली उतरतं, आणि धाकट्यात पडायच्या आधी एका दगडी खोलीतलं यंत्र फिरवून जातं. ती खोली म्हणजे तीनतळीचं वीजघर. निजामाच्या पडत्या काळात त्याचा पाया खणला आणि बावन्न साली ते सुरू झालं. तेव्हापासून ते एकदाही थांबलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, केवढी ही वीज गावाला! तर तसं काही नाही. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपनीचे खांब आले, घराघरांत तिची वीज गेली, आणि वीजघराच्या तारा कुणीतरी कापून नेल्या. यंत्र फिरतंय, वीज होतेय आणि घ्यायला कोणी नाही. अशा यंत्रावर भार नसला की ते उधळतं, म्हणून खात्यानं तात्पुरती सोय म्हणून शेजारच्या दगडी हौदात तापणाऱ्या कांबी सोडल्या. ती तात्पुरती सोय पन्नास वर्षं चालू होती. म्हणजे तळ्याचं पाणी वीज करायचं आणि ती वीज तळ्याचंच पाणी तापवायची. गावात लोडशेडिंगचा अंधार असायचा आणि हौदाला कढ आलेला असायचा. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्री उन्हात तीनतळीची माणसं वाफाळत्या पाण्यानं अंघोळ करायची, आणि पाहुण्यालाही आग्रह करायची, "घ्या की, फुकट हाय!"

या वीजघराचे ऑपरेटर म्हणजे महादेवप्पा. वय सत्तावन्न, कपाळावर विभूती, खिशात पाना. त्यांच्याआधी त्यांचे वडील बसलिंगप्पा ऑपरेटर होते. बापाकडून मुलाकडे यंत्र आलं, जसं कुणाकडे शेत येतं. त्याला तेल कधी घालायचं, पट्टा चालत्या चाकावर कसा बदलायचा, बेअरिंग तापलं तर ओलं गोणपाट कुठं टाकायचं, हे सगळं महादेवप्पांच्या हातात मुरलं होतं. नळातलं पाणी कमी-जास्त करायच्या वॉलवर बसलिंगप्पांनी एक तांबडी रेघ मारून ठेवली होती. वॉल त्या रेघेखाली कधी आणायचा नाही, एवढी एकच सक्त ताकीद होती.

गाव महादेवप्पांना फार मानायचं. एकतीस वर्षांत ते गावाबाहेर एक रात्रसुद्धा राहिले नव्हते. लेकीचं, अंजूचं, लग्न त्यांनी वीजघराच्या ओसरीवर लावलं, मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. बाप गेला तेव्हा अंत्ययात्रा वाट वाकडी करून वीजघरावरून नेली, आणि महादेवप्पांनी दारातूनच हात जोडले. सासरे औशाला वारले, तेव्हा तर ते मातीलाही गेले नाहीत. बायको उमादेवी एकटीच एस.टी.नं गेली आणि एकटीच परत आली. लोक म्हणाले, "असा निष्ठावान माणूस होणे न्हाई."

खरी गोष्ट अशी होती, की महादेवप्पांना यंत्र चालू ठेवता येत होतं, चालू करता येत नव्हतं.

त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं. बघणार कसं, यंत्र त्यांच्या जन्माआधीपासून चालूच होतं. चौऱ्याण्णव साली बाप अंथरुणाला खिळला तेव्हा महादेवप्पांनी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, हे समजा कधी बंद पडलं, तर चालू कसं करायचं?" बसलिंगप्पांनी आधी दार लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "मला बी येत न्हाई रे. हैद्राबादच्या साहेबानं चालू केलं तवा मी त्याच्यासाठी चहा आणायला गेलतो. आलो तर फिरून राहिलं होतं. साहेब म्हणला, मी वॉलचा वायसर घेऊन येतो, येईस्तोवर बंद करू नको. मग छप्पन साली राज्यंच बदलली. साहेब तिकडं राहिला, आपण इकडं." एवढं बोलून ते दोन दिवसांनी गेले.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. महादेवप्पांनी ती मूठ एकतीस वर्षं झाकून ठेवली. खोलीत ओढायच्या पाच कळा होत्या. त्यांतल्या दोन कशासाठी हे त्यांना ठाऊक होतं, आणि उरलेल्या तिन्हींना ते दर सोमवारी विभूती लावत. चालू करायचा काहीतरी गहन प्रकार त्या तिघींतच असणार, याची त्यांना खात्री होती.

पण मूठ झाकणं वेगळं आणि दुष्काळ वेगळा. सोळा साली लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या वर्षी तीनतळीची तिन्ही तळी फुटाण्यागत कोरडी पडली. नळातली धार करंगळीएवढी झाली. महादेवप्पा घामाघूम होऊन सरपंचाकडे गेले. सरपंच आनंदराज तेव्हा नवा नवा निवडून आला होता. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "मोठं चाक थांबता कामा नये."

"का?" असं आनंदराजनं विचारायला हवं होतं. पण त्याच महिन्यात गावात अखंड सप्ताह झाला होता. सात दिवस सात रात्री वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि पहारा चुकवायचा नाही, ही रीत सगळ्यांच्या रक्तात. थांबता कामा नये, एवढं म्हटलं की तीनतळीचा माणूस का ते विचारत नाही. तो म्हणतो, माझा पहारा कितीचा?

शाळेच्या फळ्यावर पहाऱ्याची यादी लागली. दोन-दोन तासांच्या जोड्या. पुढच्यानं चाकावर हात ठेवल्याशिवाय मागच्यानं काढायचा नाही, अगदी वीणेसारखं. गाव हातांनी चाक फिरवत राहिलं. वीज एका पणतीएवढीही होत नव्हती, हौदात तापवायला पाणी नव्हतं, प्यायच्या पाण्यासाठी बाया टँकरच्या रांगेत भांडत होत्या, आणि रांगेत नंबर लावून दोन तास चाकाला हात लावून परत येत होत्या. सदुसष्ट दिवस हे चाललं. तळ्यात पाणी आलं त्या दिवशी गावानं महादेवप्पांची हलगी लावून मिरवणूक काढली. ते मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, विनय आहे. तो विनय नव्हता, लाज होती, आणि ती पुढं कधी गेली नाही.

अशात या जानेवारीत नांदेडच्या कचेरीतून पत्र आलं. वीजघर ठेवायचं की भंगारात काढायचं, हे ठरवण्यासाठी कनिष्ठ अभियंता वर्षाराणी मॅडम पुढच्या बुधवारी पाहणीला येतील. खाली एक ओळ होती: यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून दाखवावे. चालू झाल्यास दुरुस्ती मंजूर, न झाल्यास यंत्र मोडीत.

महादेवप्पांनी ती ओळ तीनदा वाचली. आनंदराज मात्र पत्र वाचून खूश झाला. "आप्पा, हे तर तुमच्या डाव्या हाताचं काम! डोळे मिटून चालू कराल!"

"हाव," महादेवप्पा म्हणाले, आणि घरी येऊन जेवले नाहीत.

घर वीजघराला चिकटूनच होतं. घरातही तोच घर्रघर्र आवाज, ताटं-वाट्या थरथरत. नवरा-बायकोचं बोलणं बहुतेक हातवाऱ्यांनीच चालायचं. उमादेवी दिवसभर काम करता करता ओठ हलवत असायच्या. गावात त्यांचा मोठा लौकिक होता, की बाई अष्टौप्रहर पंचाक्षरी जपते. महादेवप्पांनाही त्याचं कौतुक होतं. आपल्या हातून नाही, निदान तिच्या हातून घरात शिवाचं नाव निघतंय, असं त्यांना वाटायचं. त्या रात्रीही त्यांच्यापुढचं भरलं ताट उचलताना तिचे ओठ नेहमीपेक्षा जोरात हलत होते.

उरलेल्या सात दिवसांत महादेवप्पांनी आकाशपाताळ एक केलं. मोबाईलवर शोधलं, तर मिक्सर कसा दुरुस्त करावा याचेच व्हिडिओ आले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. यंत्राच्या वर एक जुनी पत्र्याची पाटी होती, उर्दूतली. बसलिंगप्पा रोज तिला हार घालायचे, महादेवप्पाही घालत. साहेबानं जाताना लिहून ठेवलेली विद्या हीच असणार! त्यांनी हार बाजूला केला, पाटी पुसली, फोटो काढला आणि उदगीरच्या एका निवृत्त उर्दूच्या मास्तरांना धाडला. दोन तास जीव टांगणीला लागला. मग उत्तर आलं: "यात लिहिलंय, इथं थुंकू नये."

महादेवप्पांनी हार परत घातला. त्र्याहत्तर वर्षं तिथं कुणी थुंकलं नव्हतं हे खरंच होतं.

बुधवार उजाडला. वीजघराला आंब्याची तोरणं लागली, ओसरीवर सतरंज्या टाकल्या. आनंदराजनं मॅडमसाठी खास अर्धापूरचा केळीचा घड मागवला होता. अख्खं गाव जमलं. वर्षाराणी मॅडम जीपमधून उतरल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पाठीला पिशवी, पायात चिखलाचे बूट. तिनं कानावर हात ठेवून यंत्राभोवती एक चक्कर मारली. आनंदराज तिच्या कानाशी ओरडून सदुसष्ट दिवसांची कथा सांगत होता. तिनं ती दोनदा ऐकली, पहिल्यांदा नीट ऐकू आली नसेल म्हणून.

"पण का?" ती ओरडून म्हणाली.

"थांबू न्हाई म्हणून!" आनंदराज ओरडला.

तिनं महादेवप्पांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

"चला आजोबा, बंद करा," ती म्हणाली.

"आधी दोन केळी तरी खावा की!" महादेवप्पा म्हणाले. तिनं दोन केळी खाल्ली. "चहा?" ती चहा प्यायली. "आमचं विजेचं पाणी लई नामी हाय, अंघोळ—"

"आजोबा," ती म्हणाली, "जे बंद करून चालू करता येत नाही त्याला आमच्या कचेरीत यंत्र म्हणत नाहीत. करा बंद."

महादेवप्पांनी बापाचं नाव घेतलं आणि वॉलला हात घातला. तांबडी रेघ आली. हात रेघेवर अडला, जसा उंबऱ्यावर पाय अडतो. मग त्यांनी डोळे मिटले आणि वॉल पुढं फिरवला. आवाज उतरत गेला. मोठं चाक जड झालं, त्याच्या आऱ्या एकेक दिसायला लागल्या, आणि ते थांबलं.

अशी शांतता तीनतळीनं कधी ऐकली नव्हती. कुठंतरी एक तान्हं मूल दचकून उठलं. गोठ्यातली म्हैस वैरण तोंडात धरून तशीच उभी राहिली. त्र्याहत्तर वर्षं गाव या आवाजावर आवाज चढवून बोलत आलं होतं, त्यामुळे मागं बसलेल्या एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "आप्पा आता कुठली कळ ओढणार?" आणि ते धाकट्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू गेलं.

महादेवप्पा त्या तीन कळांकडे बघत होते. पहिली ओढली. काही नाही. दुसरी ओढली, ती हातातच आली. तिसरी हलेचना. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवयांत आली. आता सगळ्या गावाला कळणार होतं, की आपल्या बायका-पोरांनी, म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी सदुसष्ट दिवस तहानलेल्या घशानं चाक फिरवलं ते एका माणसाला एक गोष्ट येत नव्हती म्हणून. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

आणि त्या शांततेत एक आवाज आला. बारीक, सपाट, न थांबणारा. उमादेवी ओसरीच्या कडेला कपबशा विसळत होत्या आणि रोजच्यासारखे ओठ हलवत होत्या. यंत्र बंद झालंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीस वर्षांची सवय, ती अशी क्षणात कुठं जाते.

"...बसलाय मुंडकं घालून. घरातली तोटी बंद केली की पुन्हा उघडती. ही बी तोटीच हाय, जरा मोठी हाय एवढंच. पाणी सोडलं की फिरंल, न्हाई सोडलं की थांबंल, त्यात एवढं काय हाय. पर न्हाई. ह्याला हिला सोडून कुठं जायचं न्हाई. माझा बाप गेला. चौघांनी विचारलं, जावई कुठाय. काय सांगू मी? सांगितलं, तोटी धरून बसलाय. जावयाच्या हातची माती न्हाई पडली माझ्या बापावर. न्हाई पडली. आन हे आपलं घर्रघर्र, घर्रघर्र..."

एवढ्यात त्यांच्या हातातली बशी कपावर आपटली आणि तिचा आवाज त्यांना चक्क ऐकू आला. उमादेवींनी मान वर केली. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं. ज्या जपासाठी बाया त्यांच्या पाया पडत, तो जप हा होता. त्यांनी पदर तोंडाला लावला.

महादेवप्पांनी हातात आलेली कळ खाली ठेवली. तीस वर्षं ही बाई त्यांच्या हाताच्या अंतरावर हे बोलत होती. यंत्र कसं चालू करायचं हे ती रोज सांगत होती, आणि ते ऐकू यायला आधी यंत्र बंद व्हायला हवं होतं.

त्यांनी वॉल धरला आणि उलटा फिरवला. कळ नाही, मंत्र नाही. नळ गुरगुरला, चाक एकदा अंग झाडल्यासारखं हललं, आणि फिरायला लागलं. बस्स. बाराव्या फेऱ्याला तांबडी रेघ परत आली आणि हौदातलं पाणी पुन्हा कुरकुरू लागलं.

गावानं जो जल्लोष केला तो विचारू नका. हलगी वाजली, आनंदराजनं महादेवप्पांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. वर्षाराणी मॅडमनं कागदावर बरोबरची खूण केली आणि मंजूर लिहिलं. झाकली मूठ झाकलीच राहिली होती. लोक ओरडत होते, "आप्पांनी मुद्दाम वेळ लावला! मॅडमचा जीव टांगून ठेवला!" महादेवप्पा जिंकले होते, आणि मनातल्या मनात मोजत होते. सदुसष्ट दिवस. बापाची अंत्ययात्रा. लेकीच्या लग्नातली न ऐकलेली मंगलाष्टकं. औशाची माती. एवढं सगळं एका तोटीसाठी.

गर्दीच्या पलीकडे ओसरीवर उमादेवी कपबशा टोपलीत भरत होत्या. आवाज परत आला होता, आणि त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.

महादेवप्पांनी ते पाहिलं. आनंदराजचा हात बाजूला केला, वीजघरात गेले, आणि कुणाला काही कळायच्या आत वॉल गच्च बंद केला.

चाक थांबलं. हलगी एकटीच दोन ठोके वाजून गप्प झाली.

ते बाहेर आले आणि ओसरीच्या पायरीवर, बायकोच्या समोर बसले. "बोल, अंजूची माय," ते म्हणाले. "ऐकून राहिलोय."

उमादेवींनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अवं, सगळं गाव ऐकून राहिलंय."

"मग औशाला जाऊन बोल. बापाच्या मातीला जाऊ तुझ्या."

"बावीस वर्षं झाली त्या मातीला," उमादेवी म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आता काय घालता तिथं?"

"मूठभर घालतो. जेवढी राहिली तेवढी."

त्या उठल्या, आत गेल्या, आणि हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी भरायला त्यांना वेळ लागला नाही. ती बहुतेक कधीची भरलेलीच असावी. दोघं फाट्याकडे चालू लागले.

आनंदराज मागं धावला. "आप्पा! असं काय करून राहिलाव? मशीन बंद हाय! त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा! चालू कोण करायचं?"

महादेवप्पा थांबले, वळले. सगळं गाव आणि मॅडम त्यांच्याकडे बघत होते.

"ज्याला अंघोळ करायची त्यानं," ते म्हणाले. "तोटी हाय ती."